घासायच्या राहिलेल्या कडा

स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल गावच्या मुख्य रस्त्यावर डॉलिना मॅक्रेचं किल्ट, म्हणजे तिकडचे पुरुष सणासमारंभाला नेसतात ते चौकडीचे घागरे, भाड्याने देण्याचं दुकान होतं. लग्न असो, मयत असो, नाहीतर वर्षअखेरीचा नाच असो, गावातले पुरुष शुक्रवारी तिच्याकडून कपडे न्यायचे आणि सोमवारी आणून टाकायचे. किल्टला खिसा नसतो. पैसे, किल्ल्या, रुमाल, बायकोपासून लपवलेली व्हिस्कीची चपटी बाटली, हे सगळं कमरेच्या साखळीवर पोटाखाली लटकणाऱ्या चामडी बटव्यात, स्पॉरनमध्ये, कोंबलं जायचं. त्यामुळे भाड्याच्या कपड्यांत सगळ्यांत आधी जीव सोडायचा तो स्पॉरन.

डॉलिना मूळची लुईस बेटावरची. हॉटेलात चादरी बदलायला म्हणून या बाजूला आली आणि केनेथ मॅक्रेशी लग्न करून इथलीच झाली. केनेथ तरुणपणीच हृदयविकाराने गेला. अर्धं दुकान तिच्या नावावर आलं, अर्धं धाकटा दीर फिन्लेच्या. केनेथ असताना ती मागच्या खोलीत फक्त दुरुस्त्या करायची. स्पॉरनची फाटलेली बगल, म्हणजे बाजूची शिवण, तुटलेला गोंडा, बियरने कडक झालेलं अस्तर. मेलेले स्पॉरन उसवता उसवताच तिला कळत गेलं, की कुठला का मेला आणि कुठला का टिकला. दोन सुया समोरासमोरून एकाच भोकातून काढलेला टाका असेल तर एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनचा टाका एका जागी सुटला की पायमोज्यासारखा उलगडत जातो. झडप बोटाने मागे वाकवली आणि वळीवर बारीक भेगा पडल्या, तर ते चामडं नाही, चामड्याचा भुगा दाबून वर छाप मारलेला पुठ्ठा आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आदल्या वर्षी फिन्लेने तिला न विचारता स्वस्तातला माल उचलला होता. ब्यूलीच्या एका लग्नात नाचाच्या ऐन भरात नवऱ्यामुलाचा पट्टा तुटला आणि स्पॉरन घरंगळत पाद्रीबुवांच्या पायाशी गेला. तेव्हापासून डॉलिनाचा हात लागल्याशिवाय दुकानात स्पॉरन येणार नाही, असं दोघांत ठरलं. फिन्लेने ते मान्य केलं होतं, पण गिळलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी, बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत असताना, बुकन नावाचा माणूस पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेऊन दुकानात आला. ॲबर्डीनकडचा होता, बोलण्यावरून लगेच कळत होतं. अंगावर चांगला कोट, पण बाह्या झिजलेल्या. फिरता विक्रेता आहे म्हणाला. एक कारखाना बंद पडला, त्याचा शेवटचा माल आपल्याकडे आलाय, आणि तो आजच्या आज विकायचा आहे. भाव ऐकून फिन्लेने हातातला कप खाली ठेवला.

"अर्ध्याहून कमी," तो डॉलिनाच्या कानाशी पुटपुटला. "मे महिन्यात लग्नं सुरू होतील. आपल्याकडे धड दहा जणांना पुरतील एवढेही नाहीत."

"बघू तर दे."

"बघ ना. पण म्हातारी अंडी निवडते तसं नको. माणूस निघून जाईल."

डॉलिनाने खोक्यातला वरचा स्पॉरन उचलला. असे विक्रेते चांगला माल वर ठेवतात आणि रद्दी तळाशी, म्हणून तिने तळाशी हात घालून आणखी एक काढला. मग मधला. तिन्ही शेजारी ठेवले.

माल उत्तम होता. वासराचं कातडं, सगळीकडे सारख्या जाडीचं. तिने नखाने दाबलं, वळ उठला आणि हळूहळू मिटला. बगलेचे टाके दोन सुयांचे, हाताचे, तिरपे आणि एकसारखे. गोंडे नुसते चिकटवलेले नव्हते, आतून गाठ मारून ओढलेले होते. नाकाशी नेल्यावर ओकच्या सालीचा आंबूस वास आला, रंगाचा उग्र वास नाही. अशा मालाला कुणी दुप्पट भाव सांगितला असता तरी तिने घासाघीस केली नसती.

आणि नेमकं तेच तिला खटकलं.

तिने स्पॉरन उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड खरखरीत लागली. दुसऱ्याची तशीच, तिसऱ्याचीही. चामडं कापल्यावर कडा ओल्या करून, मेण लावून, हाडाने घासून काचेसारख्या गुळगुळीत कराव्या लागतात. ते सगळ्यांत शेवटचं काम. त्यानंतर झडपेखाली कारागिराचा शिक्का बसतो. इथे शिक्काही नव्हता. एवढं देखणं शिवलेलं काम कुठला कारखाना असं अर्धवट सोडून विकायला काढेल? हा माल कोठारातून आला नव्हता, कुणाच्या तरी कामाच्या बाकावरून उचललेला होता.

कुणाच्या, तेही तिला कळलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा मागे वळून दोन पदरांच्या मधे लपवलेला होता. असं करणारा या मुलखात एकच माणूस होता. दरीच्या वरच्या टोकाला राहणारा ऑले मॅथेसन. दर हिवाळ्यात ती त्याच्या शेगडीपाशी बसून वर्षभरासाठी परवडतील तेवढे चार-दोन स्पॉरन निवडून आणायची. परवडतील तेवढे म्हणजे फार नाहीतच.

"कसे वाटले, मिसेस मॅक्रे?" बुकनने विचारलं.

"वाईट नाहीत," ती म्हणाली. "सगळे बघते."

"सगळे?"

"अहो, एकदा पाद्रीबुवांच्या पायाशी पडलाय आमचा माल. आता सगळेच बघते मी."

फिन्लेचे कान लाल झाले. डॉलिनाने टेबलावरचा फोन पुढे ओढला. "आधी मासळीवाल्याला विचारते, हेरिंग आलेत का. उशीर झाला की संपतात."

मासळीवाला बेटावरचा, त्याच्याशी ती नेहमी बेटावरच्या जुन्या भाषेत, गेलिकमध्येच बोलायची, हे फिन्लेला ठाऊक होतं. त्याला स्वतःला गेलिक येत नव्हतं. ॲबर्डीनच्या माणसाला तर येण्याचं कारणच नव्हतं. तिने मासळीवाल्याचा नाही, गेलिक बोलणाऱ्या ऑलेचा नंबर फिरवला. फक्त एक पंचाईत होती. स्पॉरनला गेलिकमध्येही स्पॉरनच म्हणतात. तो शब्द तोंडातून निघाला असता तर बुकनचे डोळे लगेच फिरले असते.

"ऑले, मी डॉलिना. तुमच्या हातचं काम माझ्या टेबलावर आलंय, पण सोबत तुम्ही नाही," ती मासळीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली. "खोकंभर आहे. परका माणूस घेऊन आलाय. तुम्ही दिलंत का कुणाला?"



"कडा घासलेल्या आहेत?" ऑलेने विचारलं.

"नाहीत."

"त्याला धरून ठेव. मी निघतो." फोन बंद झाला.

दरीतून खाली यायला चांगल्या हवेतही बराच वेळ लागायचा, आणि आज हवा चांगली नव्हती. डॉलिनाने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि एक एक स्पॉरन घेऊन बसली. झडप वाकवली, बटण दाबलं, उघडलं, पुन्हा दाबलं. अस्तर बाहेर ओढलं. साखळीची कडी न कडी खिडकीच्या उजेडात धरली. फिन्ले आधी खोकला, मग येरझाऱ्या घालू लागला.

"अगं डॉलिना, यातले तीन बघितलेस तेव्हाच कळलं की तुला."

"मला जे कळलं ते कळलं."

"मग घेऊ या ना."

"ही साखळी हलकी वाटते."

"हलकी कशी? तीच साखळी आहे सगळ्यांना," बुकन म्हणाला. त्याची नजर खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे गेली. "हे बघा, मला दुपारच्या आत इन्व्हरनेस गाठायचंय. तिथे एक जण वाट बघतोय. नको असतील तर तसं सांगा." तो खोक्यात स्पॉरन परत ठेवू लागला.

डॉलिनाने खोक्यावर हात ठेवला. "घेतो आम्ही," ती म्हणाली. "सगळे."

फिन्ले तिच्याकडे बघतच राहिला.

"पण रोख लागेल," बुकन म्हणाला. "चेक नको."

"फिन्ले, बँकेत जाऊन ये."

फिन्ले टोपी घालून इतक्या घाईने बाहेर पडला, की दरवाजावरची घंटा कितीतरी वेळ हलत राहिली. बँकेत शुक्रवारची गर्दी असणार, हे डॉलिनाला माहीत होतं. ती मनातल्या मनात दरीचा रस्ता उतरत होती. आता ऑले पुलापाशी आला असेल. आता धरणाच्या वळणावर.

बुकन उठला आणि दरवाजापाशी जाऊन उभा राहिला. बाहेर नाही गेला. पाठ दरवाजाला, तोंड तिच्याकडे.

"हेरिंग आलेत का मग?" त्याने विचारलं.

"नाही आले."

"माझी आजी हॅरिस बेटावरची होती," तो शांतपणे म्हणाला. "तिनेच वाढवलं मला, गेलिक बोलत. बोलायला गेलो तर जीभ वळत नाही आता. पण कानाला कळतं."

डॉलिनाच्या हातात कात्री होती, दोरे कापायची. आपण ती घट्ट धरली आहे, हे तिला जरा वेळाने उमगलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रस्त्यावर छत्र्या खाली घालून माणसं भराभर चालली होती, काचेकडे कुणी बघत नव्हतं.

"मग गेला का नाहीत?" तिने विचारलं.

"कारण पळालो असतो तर चोर ठरलो असतो. कात्री ठेवा, बाई. मी काही करणार नाहीये." तो परत येऊन खुर्चीत बसला, थकल्यासारखा. "मी विकत घेतलाय हा माल. खोटं एकच बोललो, कारखान्याचं. ॲबर्डीनला धक्क्याजवळच्या दारूच्या गुत्त्यात एक पोरगा भेटला. उंच, वाकून चालणारा. बापाने विकायला दिलंय म्हणाला. बाहेर त्याची गाडी होती. पैसे घेताना वर बघितलं नाही त्याने."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. पण भाव चांगला होता. पुढे विचारलं नाही मी."

डॉलिनाला प्रश्न विचारायचा नव्हता, तरी तिने विचारला. "हात कसे होते त्याचे?"

बुकनने आपला अंगठा वर धरून दाखवला. "डाव्या अंगठ्याला टोक नव्हतं," तो म्हणाला.

आयव्हर. ऑलेचा एकुलता एक मुलगा. चामडं कापायच्या सुरीखाली त्याचा अंगठा गेला तेव्हा शाळेत होता. आई वारल्यापासून बापलेक दरीतल्या आपल्या कामाच्या खोलीत समोरासमोर बसून शिवायचे, आणि हिवाळ्यात डॉलिना गेली की तोच चहा करून द्यायचा. त्याला तेलाच्या जहाजांवर जायचं होतं. बाप जाऊ देत नव्हता. हे सगळ्या दरीला माहीत होतं.

तिने फोन ओढला आणि ऑलेचा नंबर पुन्हा फिरवला. घंटा वाजत राहिली. ती घंटा वाजत असलेलं रिकामं घर तिला इथून दिसत होतं जणू. मघाशी माणूस लवकर यावा म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, आता तोच माणूस रस्त्यातच कुठे अडकून पडावा असं तिला वाटत होतं.

"तुम्ही जा," ती बुकनला म्हणाली. "हे खोकं घ्या आणि जा. मी सांगेन, माझी चूक झाली. दुसऱ्याच कुणाचं काम होतं म्हणेन."

"आता? आणि वाटेत म्हातारा समोरून आला तर? गाडीचा नंबर देऊन पोलिसांत जाईल तो." त्याने मान हलवली. "तुम्हीच बोलावलंत ना त्याला. आता येऊ दे. मला माझे पैसे हवेत आणि चोर नाही हे ऐकायचंय."

"त्याच्या मुलाचं नाव घ्याल तुम्ही?"

"विचारलं तर सांगेन."

ती उठली आणि स्पॉरन खोक्यात भरू लागली. निदान मागच्या खोलीत लपवावेत, एवढंच तिला सुचलं. अर्धे भरून झाले नव्हते तोच घंटा वाजली. फिन्ले आत आला, गाल लाल, हातात बँकेचं पाकीट. त्याच्या मागोमाग, डोक्यावरचं बर्फ झटकत, ऑले मॅथेसन.

"दारातच भेटले," फिन्ले खुशीत म्हणाला. "ऑले, या, बघा आम्हाला काय मिळालंय. तुमच्या तोडीचं आहे, हां."

ऑले टेबलापाशी आला. ओला कोट त्याने काढला नाही. एक स्पॉरन उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला, जसा तिने सकाळी फिरवला होता. मग दुसरा. तो एकही टाका बघत नव्हता, फक्त कडा. डॉलिनाला वाटलं, गाडी चालवताना सगळ्या रस्त्यात याने दुसरा काही विचार केलाच नसेल. कामाच्या खोलीचं कुलूप फुटलं नव्हतं. खिडकी शाबूत होती. किल्ल्या बापलेक दोघांकडेच.

"हे तुम्ही आणलेत?" त्याने बुकनला विचारलं.

"हो. मी विकत घेतलेत. ज्याच्याकडून घेतले तो..."

"किती दिलेत, तेवढं सांगा."

बुकनने रक्कम सांगितली. रक्कम फारच कमी होती. ऑलेचे डोळे मिटले आणि उघडले. बुकनने पुन्हा तोंड उघडलं, डॉलिनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण त्याची गरज पडली नाही. म्हाताऱ्याचा चेहरा बघून तो स्वतःच गप्प झाला.

"माल माझाच आहे," ऑले फिन्लेकडे वळून म्हणाला. "मीच विकायला धाडला होता. कडा घासायच्या राहिल्या, ध्यानात आलं नाही. असा माल मी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून परत नेतोय." त्याने कोटाच्या आतून पैशांचं पाकीट काढलं आणि नोटा बुकनच्या पुढ्यात ठेवल्या. "तुमचा काही दोष नाही. तुम्ही पैसे देऊन घेतलेत."

बुकनने नोटा न मोजता खिशात घातल्या. जाताना दाराशी थांबून त्याने ऑलेला गेलिकमध्ये काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. शब्द अर्धवट आला. ऑलेने मान डोलावली.

"म्हणजे?" फिन्ले म्हणाला. "ठरलेला सौदा होता आमचा. राहू देत की कडा खरखरीत, नाचताना कोण बघतंय?"

"मी बघतो," ऑले म्हणाला, आणि खोकं उचलून निघाला. डॉलिना त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. त्याने खोकं आत ठेवलं, दार लावलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आत जा, भिजशील."

दुकानात फिन्ले वाट बघत होता. "मला गाढवासारखं बँकेत पिटाळलंस आणि इकडे म्हाताऱ्याला कळवलंस. मासळीवाला म्हणे. स्वस्तात मिळतंय हे तुला बघवलं नाही, एवढंच. कारण घेऊ या असं मी म्हणालो होतो ना."

खरं सांगितलं असतं तर तो गप्प बसला असता. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं. डॉलिना म्हणाली, "तसंच समज." फिन्लेने तसंच समजून घेतलं, आणि तो उन्हाळाभर गावात सांगत फिरला, की वहिनीच्या हट्टापायी हातातोंडाशी आलेला माल गेला. मेच्या लग्नांना त्यांनी इन्व्हरनेसच्या दुकानातून महागाचे स्पॉरन आणले. त्या महिन्यात दुकानाच्या गल्ल्यात फार काही उरलं नाही. तेही तिच्याच माथी आलं.

आयव्हर जहाजावर गेल्याचं तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. बापाने अडवलं नाही म्हणे. ऑलेचा निरोप आला नाही. ती चिडली, मग घाबरली, मग रोज दुपारी फोनकडे बघायची तिला सवय लागली. आपण त्या सकाळी नुसते पैसे देऊन मोकळे झालो असतो तर, असं तिच्या मनात यायचं. म्हाताऱ्याला चोरी झाल्याचं कळलंच असतं, पण कुणाकडून ते कदाचित कळलं नसतं. की कळलं असतं? ती उत्तरापर्यंत कधी पोचली नाही.

ऑक्टोबरमध्ये आयव्हर दुकानात आला. वारा खाऊन चेहरा रापलेला, दाढी वाढलेली. एक छोटं खोकं त्याने टेबलावर ठेवलं.

"मी शिवलेत," तो म्हणाला. "बाबांनी शिक्का मारायला नकार दिला. म्हणाले, आधी डॉलिनाला दाखव."

"परत आलास कायमचा?"

"माहीत नाही. हिवाळ्यापुरता तरी आलोय." तो टेबलाकडे बघत होता. "त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते समोर बसून शिवतात."

"मीही नाही बोलणार," डॉलिना म्हणाली. "खुर्ची घे."

तिने चष्मा लावला. झडपा वाकवल्या, बटणं दाबली, अस्तर ओढलं. आयव्हरने अंगठा मुठीत लपवला होता. कडा गुळगुळीत होत्या, गरजेपेक्षा जास्तच घासलेल्या. पहिले दोन तिने बाजूला ठेवले. तिसऱ्याच्या बगलेत बोट घातलं आणि थांबली.

"इथे दोरा ढिला आहे."

"किंचित."

"लग्नात पाहुणा इथेच बाटली कोंबतो. महिन्याभरात उघडेल. हा नको मला. हे दोन घेते, पूर्ण भावाने."

त्याच्या जबड्याची हाडं हलली. क्षणभर तिला वाटलं, हा उठून जाणार. मग त्याने हात पुढे केला.

"कात्री आहे?"

तिने दिली. तो तिथेच टेबलाशी वाकून बगल उसवू लागला, हळूहळू, चामड्याची भोकं फाटू न देता. डॉलिनाने मागच्या खोलीतून मेण लावलेला दोरा आणि दोन सुया आणून त्याच्यापुढे ठेवल्या, आणि चहा टाकायला गेली.